‘छान आहे’च्या पुढे : एक तानपुरा, तीन रविवार आणि फीडबॅक

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

 

आजचा विषय तसा छोटा वाटेल, पण मला त्यावर बरंच बोलायचंय. एखाद्या वाद्याचा फोटो काढायचा. नुसता ‘हे बघा आमच्याकडे तानपुरा आहे’ असा नाही, तर बघणारा दोन मिनिटं थांबेल असा. आणि तो फोटो लोकांना दाखवून, त्यांचं ऐकून, टप्प्याटप्प्यानं सुधारायचा. यातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कॅमेऱ्याचं शिकवणारे व्हिडिओ हजारो आहेत. फीडबॅक मागायचा कसा आणि आलेल्या फीडबॅकचं करायचं काय, हे कोणी फारसं सांगत नाही.

मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे रिव्ह्यू हा माझ्या रोजच्या जेवणातला पदार्थ आहे. आमच्याकडे एक प्रकार असतो, ‘एलजीटीएम’. म्हणजे ‘मला तर ठीक दिसतंय’. समोरच्याने तुमचा कोड वरवर चाळला, अंगठा दाखवला आणि तो चहाला गेला. फोटोच्या दुनियेतला एलजीटीएम म्हणजे ‘मस्त!’, ‘छान आलाय!’ आणि तीन बदाम. आनंद होतो, नाही असं नाही. पण त्यातून पुढचा फोटो कसा काढायचा हे काहीच कळत नाही.

वाद्यच का?

वाद्याचा फोटो काढणं अवघड आहे, कारण वाद्य मुळात बघण्यासाठी बनवलेलंच नाही. त्याचं खरं काम कानाशी आहे. फुलाचा फोटो काढला तर फुलाचा रंग तरी फोटोत येतो. तानपुऱ्याचा फोटो काढला की उरतो एक मोठा भोपळा आणि एक लांब दांडी. ज्याच्यासाठी ते सगळं आहे तो आवाज फ्रेमच्या बाहेर. मग प्रश्न असा, की आवाजाची काहीतरी खूण डोळ्यांना दाखवता येईल का?

दुसरी अडचण अगदी व्यवहारातली. वाद्यं चकचकीत असतात, गोल असतात आणि लांबुळकी असतात. चकचकीत म्हणजे खिडकी, ट्यूबलाइट आणि फोटो काढणारी व्यक्ती सगळं त्यात दिसतं. गोल म्हणजे एक बाजू उजळ तर दुसरी काळी. लांबुळकं म्हणजे फ्रेममध्ये अर्धी जागा रिकामी.

आता माझी केस सांगते. माझी आत्या सांगलीत राहते. तिने बरीच वर्षं घरी गाणं शिकवलं. तिचा तानपुरा मिरजेचा. आता गुडघ्यांमुळे तिला खाली मांडी घालून बसता येत नाही आणि शिकवणंही थांबलंय. तिने ठरवलं की तानपुरा आपल्या एका विद्यार्थिनीला द्यायचा, कारण वाजवला नाही की वाद्य बिघडतं. ती मुलगी महिनाअखेरीस येऊन तो घेऊन जाणार होती. आत्याने मला फोन केला आणि म्हणाली, “तू फोटो काढतेस ना? मग त्याचा एक काढून दे. एकच. भिंतीवर लावायला.”

म्हणजे हातात तीन रविवार. त्यानंतर तानपुरा त्या घरात नसणार. ‘नंतर परत काढू’ ही सोय नव्हती.

पुण्याहून निघायच्या आधी मी डायरीत एक वाक्य लिहिलं : ‘हा फोटो बघून आत्याला आपला तानपुरा समोर असल्यासारखं वाटलं पाहिजे.’ आमच्या भाषेत ही रिक्वायरमेंट. तुम्हीही असं एक वाक्य लिहाच, आणि कॅमेरा हातात घ्यायच्या आधी लिहा. ते कशासाठी लागतं हे पुढे कळेल.

आधी वाद्य ओळखा

कॅमेरा काढण्याआधी मी अर्धा तास नुसती तानपुऱ्याजवळ बसले आणि आत्याला प्रश्न विचारत राहिले. हा अर्धा तास फुकट जात नाही.

मिरज आणि तंतुवाद्यं यांचं नातं एकोणिसाव्या शतकापासूनचं आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातले कारागीर तिथे सतारी आणि तानपुरे बनवू लागले. आजही तिथे सतारमेकर ही नुसती ओळख नाही, आडनाव आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. यातला भोपळा म्हणजे खरोखरचा भोपळाच बरं का! कडू जातीचा, वाळवलेला, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून येणारा. म्हणजे प्रत्येक तानपुऱ्याचा आकार शेतात ठरलेला असतो आणि तंतोतंत दुसऱ्यासारखा एकही नसतो. ही गोष्ट फोटो काढणाऱ्यासाठी फार कामाची आहे.

मग येते घोडी. भोपळ्यावर जी लाकडी तबली असते, तिच्यावरचा हा छोटा पूल. तारा त्याच्यावरून जातात. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार त्या उताराला घासत, चाटत वाजते आणि त्यातून तो झंकार निर्माण होतो, त्याला आपण जवारी म्हणतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक छोटा दोरा सरकवतात. तो दोरा केसभर इकडे-तिकडे झाला की तार ‘उघडते’ किंवा ‘बंद होते’. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणा यांच्या याच घोडीवर शोधनिबंध लिहिला होता. तार जिथे छेडतो त्या जागेमुळे जे स्वरांश नियमानुसार ऐकू यायला नकोत, तेही या वाद्यांत ऐकू येतात, आणि त्याचं कारण घोडीच्या त्या वक्र माथ्यात आहे, असं त्यांनी दाखवलं.

हे सगळं का सांगतेय? कारण आता मला कळलं होतं की या वाद्यात महत्त्वाचं काय आहे. भोपळा सगळ्यात मोठा दिसतो, पण आवाज घडतो घोडीवर आणि तारांवर. फोटोचा विषय म्हणजे सगळ्यात मोठी वस्तू, असं काही नसतं.

पहिला रविवार : उजेड

पहिल्या दिवशी मी सरळसोट काम केलं. गवसणी काढली, तानपुरा पुसला, भिंतीशी उभा केला आणि उजेडाचं बघितलं.

उजेडासाठी महागडं काही लागत नाही. आत्याच्या घरी उत्तरेकडे मोठी खिडकी आहे. तिच्यावर एक पांढरी सुती साडी लावली. उजेडाचा स्रोत जितका मोठा, तितकी सावली मऊ. साडीमुळे सगळी खिडकीच एक मोठा दिवा होते. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला म्हणजे भोपळ्याची काळी बाजू थोडी उजळते. फार नाही. पूर्ण उजळवली तर भोपळा चपटा दिसतो, गोलाई सावलीतूनच कळते.

चकाकीसाठी शाळेतला नियम लक्षात ठेवा. किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो. पॉलिशवर पांढरा डाग दिसत असेल तर तो डाग म्हणजे खिडकीचं प्रतिबिंब आहे. एकतर खिडकीच्या संदर्भात वाद्य फिरवा, नाहीतर कॅमेरा हलवा. वाद्य पाच-दहा अंश फिरवलं तरी डाग जागा बदलतो.

कॅमेऱ्याला पोलरायझर फिल्टर असेल तर अजून एक गंमत करता येते. लाखेच्या पॉलिशवरून येणारी चकाकी ठरावीक कोनात पोलराइज्ड असते. पृष्ठभागाला लंब धरला तर त्या लंबापासून साधारण ५६ अंशाच्या आसपास ती सगळ्यात जास्त असते. फिल्टर फिरवला की ती बरीचशी जाते आणि खालचं लाकूड दिसायला लागतं. पण उघड्या धातूवरून येणारी चकाकी अशी जात नाही. म्हणजे लाकडाचा चकाकता डाग जातो आणि तारांची चमक तशीच राहते! तंतुवाद्याच्या फोटोसाठी यापेक्षा सोयीचं काय असणार?

मोबाइलवाल्यांसाठी एकच सूचना. मोबाइलचा मुख्य कॅमेरा वाइड असतो. जवळ जाऊन काढलं की भोपळा टरबुजासारखा फुगतो आणि दांडी लांब पळाल्यासारखी दिसते. चार पावलं मागे जा आणि दोन किंवा तीन पट झूमची लेन्स वापरा.

संध्याकाळपर्यंत व्हर्जन एक तयार. पूर्ण तानपुरा, समोरून, गडद पडद्यापुढे. नीटनेटका आणि स्वच्छ.

फीडबॅक कोणाला आणि कसा मागायचा?

आता मुख्य मुद्दा. मी तो फोटो मुद्दाम ग्रुपवर टाकला नाही. ग्रुपवर पहिल्याने ‘अप्रतिम’ लिहिलं की बाकीचे वीस जण त्याच सुरात बोलतात. मी तिघांना वेगवेगळा पाठवला.

पहिली व्यक्ती, जिला वाद्याचं काहीच माहीत नाही. ही माझी ऑफिसमधली मैत्रीण. दुसरी व्यक्ती, जिला फोटोचं कळतं. हा कॉलेजमधला मित्र, लग्नाचे आणि प्रॉडक्टचे फोटो काढतो. तिसरी व्यक्ती, जिला वाद्याचं कळतं. हे मिरजेचे एक कारागीर, आत्याच्या तानपुऱ्याची जवारी वर्षानुवर्षं तेच काढतात. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो.

तिघांना ‘कसा वाटला?’ असं विचारलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर ‘छान’ हेच असतं, कारण तो प्रश्न समोरच्याला तुमच्या भावना सांभाळायला लावतो. मी तीन प्रश्न विचारले.

एक, नजर आधी कुठे गेली?

दोन, नजर शेवटी कुठे थांबली?

तीन, फोटोत काय चाललंय, एका वाक्यात सांग.

या प्रश्नांना कोणी ‘चांगलं-वाईट’ असं उत्तर देऊच शकत नाही. लोक जे बघतात ते सांगतात. तुम्हाला हवंय तेच. त्यांनी काय बघितलं हे त्यांचं, त्यावर काय करायचं हे तुमचं.

मैत्रिणीचं उत्तर आलं : “नजर भोपळ्यावर गेली, तिथेच थांबली. फोटोत काही चालू नाहीये, वस्तू ठेवलीये.” किती नेमकं! तिला घोडी म्हणजे काय तेही माहीत नाही, पण फोटोतला मुख्य प्रश्न तिने एका ओळीत सांगितला.

मित्राचं उत्तर लांबलचक होतं. त्यातल्या दोन सूचना महत्त्वाच्या. पहिली, फोटो आडवा उलटा कर, म्हणजे आरशातल्यासारखा, मग दांडीची तिरकी रेष डावीकडून उजवीकडे चढती दिसेल. दुसरी, दांडीवर एका जागी पॉलिश उडालंय, तो डाग सॉफ्टवेअरमध्ये काढून टाक.

मग मी कॉम्प्युटरवर फोटो उलटा केला आणि दोन्ही प्रती घेऊन दुसऱ्या रविवारी मिरज गाठली.

दुसरा रविवार : चाचांचा रिव्ह्यू

चाचांनी आधी उलटा केलेला फोटो बघितला आणि लगेच बाजूला ठेवला. “हा डावऱ्या माणसाचा तानपुरा आहे का?” तारांचा क्रम उलटा झाला होता ना! तानपुऱ्यात पहिली तार पंचमाची, मग षड्जाची जोडी आणि शेवटी खर्ज. आरशात तोच क्रम खर्जापासून सुरू होतो. तुम्हा-आम्हाला फरक दिसत नाही, पण जो रोज तारा चढवतो त्याला तो उलटं लिहिलेलं नाव वाचल्यासारखा खुपतो. म्हणून लक्षात ठेवा, वाद्याचा फोटो आरशासारखा उलटा करायचा नाही. गिटार असो, सरोद असो, व्हायोलिन असो.

मग त्यांनी मूळ फोटो हातात घेतला, मोबाइलवर घोडी मोठी करून बघितली आणि म्हणाले, “जोडीतली दुसरी तार बोलत नाही वाटतं. सूत खाली सरकलंय.”

मंडळी, मी क्षणभर गप्प झाले. समोर होता एक मूक फोटो, आणि या माणसाला त्यातून तार ऐकू येत होती. तिथूनच आत्याला फोन लावला. ती म्हणाली, “हो गं, महिनाभर झाला, ती तार बंदच आहे. मी कोणाला बोलले नाही.” चाचांनी त्याच संध्याकाळी सांगलीला येऊन सूत बसवून दिलं, पैसे घेतले नाहीत. जो तानपुरा त्या मुलीच्या हातात जाणार होता, तो आता नीट बोलत होता. फोटोच्या फीडबॅकमधून फोटोच्या बाहेरचंही काम झालं.

चाचांनी अजून एक गोष्ट सांगितली. मी त्यांना पॉलिश उडालेली जागा दाखवली आणि हा डाग काढू का असं विचारलं. ते म्हणाले, “तिथे त्यांचा अंगठा टेकतो. मी दोनदा पॉलिश करून दिलंय, दोन्ही वेळा तिथूनच गेलं.”

आता बघा, दोन जाणकार आणि दोन उलटी मतं. एक म्हणतो डाग काढ, दुसरा म्हणतो तो डाग म्हणजे वाजवणाऱ्याचा हात आहे. अशा वेळी ‘कोणाचा अनुभव जास्त’ असं मोजत बसायचं नाही. डायरीतलं ते वाक्य काढायचं. आत्याला *आपला* तानपुरा समोर असल्यासारखं वाटलं पाहिजे. डाग राहणार. मित्राचं म्हणणं चूक नव्हतं, दुकानाच्या कॅटलॉगसाठी तेच बरोबर ठरलं असतं. फीडबॅक बरोबर आहे की चूक हे तो कोणत्या कामासाठी आहे यावर ठरतं.

क्रॉप : एका जुन्या फोटोचा धडा

इथे थोडं थांबून एका फोटोबद्दल सांगते. १९४६ साली अर्नोल्ड न्यूमन या फोटोग्राफरने न्यूयॉर्कमध्ये संगीतकार इगोर स्ट्राविन्स्कीचा फोटो काढला. काळापांढरा. ग्रँड पियानोचं उघडलेलं काळं झाकण जवळजवळ सगळी फ्रेम व्यापतं आणि स्ट्राविन्स्की खाली डाव्या कोपऱ्यात, डोकं हाताला टेकून बसलेला. झाकणाचा आकार पाश्चात्त्य स्वरलेखनातल्या कोमल स्वराच्या चिन्हासारखा दिसतो. तो फोटो हार्पर्स बझार मासिकासाठी काढला होता आणि त्यांनी तो छापला नाही. आज तो विसाव्या शतकातल्या सगळ्यात प्रसिद्ध व्यक्तिचित्रांपैकी एक आहे.

माझ्या कामाचा भाग असा, की मूळ निगेटिव्हमध्ये आजूबाजूला बरंच काही होतं. न्यूमनने ते कापलं. माणूस कोपऱ्यात ढकलला गेला आणि वाद्य मोठं झालं. म्हणजे फोटो दोनदा घडतो, एकदा क्लिक करताना आणि एकदा काय ठेवायचं हे ठरवताना. आणि मासिकाचा नकार हासुद्धा फीडबॅकच होता, फक्त त्याने तो मानला नाही. प्रत्येक फीडबॅक मान्य केलाच पाहिजे असं कुठे आहे?

दुसऱ्या रविवारी मी घोडी, तारा आणि तो डाग एवढ्यावरच लक्ष दिलं. भोपळ्याचा फक्त वळणारा काठ ठेवला. पूर्ण तानपुरा दाखवण्याची गरज नव्हती. भोपळ्याची एक वक्र कड दिसली तरी डोळा बाकीचा आकार स्वतः पूर्ण करतो. या व्हर्जनवर मैत्रिणीचं उत्तर : “नजर तारांवरून खाली घसरत जाते. काहीतरी सुरू होणार आहे असं वाटतं.” मागच्या वेळी ‘वस्तू ठेवलीये’, या वेळी ‘सुरू होणार आहे’. हा फरक मला कोणत्याही लाइकपेक्षा जास्त सांगून गेला.

तिसरा रविवार : आत्या

आत्याला मी शेवटी दाखवणार होते. तिच्या हातात दोन्ही व्हर्जन दिली. पहिलं, पूर्ण तानपुऱ्याचं, बघून ती म्हणाली, “हा दुकानातला.” दुसरं बराच वेळ बघितलं. “हा आहे माझा. डाग दिसतोय. पण मी याला असं कधी बघितलंच नाही गं.”

“म्हणजे?”

“समोरून शिष्य बघतात. मी कुठे समोरून बघते?”

तिने खुर्चीत बसूनच तानपुरा अंगाशी उभा घेतला, कान दांडीजवळ नेला आणि म्हणाली, “मला तो असा दिसतो.”

मी तिच्या मागे जाऊन तिच्या खांद्यावरून बघितलं. चार तारा गालाजवळून निघून खाली घोडीकडे जवळ जवळ येत जातात. बाजूला दांडीची कड, त्यावर तो डाग आणि अगदी खाली भोपळ्याची अर्धी गोलाई. तारांच्या दिशेने, वरून खाली.

कॅमेरा तिच्या खांद्यापाशी ट्रायपॉडवर लावला. तिची मान जिथे असते तिथेच लेन्स. आता उरला शेवटचा प्रश्न, आवाजाची खूण. इथे माझ्यातली इंजिनिअर जागी झाली.

आत्याचा स्वर काळी चार. म्हणजे जोडीच्या तारा सेकंदाला साधारण २०८ वेळा कंप पावतात आणि खर्ज त्याच्या निम्मा, १०४. शटर एक हजारांश सेकंद ठेवलं तर जोडीच्या तारेचं एक कंपनही पूर्ण होत नाही, ती गोठलेली दिसते, न वाजवल्यासारखी. शटर एक तीसांश सेकंद ठेवलं तर तेवढ्यात जोडीची तार सात वेळा हलते आणि खर्ज तीन-साडेतीन वेळा. मग तार रेषेसारखी न दिसता धुरकट पात्यासारखी दिसते, दोन्ही टोकांना बारीक आणि मध्ये रुंद. बोटं साधारण मध्याच्या आसपासच छेडतात, म्हणजे तार सगळ्यात रुंद दिसते ती डागाच्या जवळच. फोकस तिथेच ठेवला.

मोबाइलवर करून बघणार असाल तर एक गोष्ट माहीत असू दे. मोबाइलचा सेन्सर चित्र एकदम घेत नाही, ओळीओळीने वाचतो. त्यामुळे जोरात हलणारी तार कधीकधी सापासारखी नागमोडी येते. ते खरं कंपन नाही. मोबाइल आडव्याचा उभा करून बघा, नागमोड बदलते. आणि घरात एलईडी दिवे असतील तर ते बंद करा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फोटोत पट्टे येतात. खिडकीचा उजेड सगळ्यात बरा.

आत्याने षड्ज छेडला आणि हात बाजूला घेतला. क्लिक. परत छेडला, परत क्लिक. साधारण चाळीस फोटो झाले असतील. मध्येच ती हळू आवाजात गायला लागली, आणि मी काही बोलले नाही.

निवडलेल्या फोटोत पंचमाची तार स्थिर रेष आहे, जोडीतली एक तार धूसर झालीये आणि बाकी दोन शांत. चार तारांमधली एकच वाजतेय हे न सांगता कळतं. कॉम्प्युटरवर फार काही केलं नाही. सावल्या किंचित उचलल्या, उजव्या बाजूची मोकळी भिंत कापली. रंग ठेवले, कारण काळ्यापांढऱ्यात लाकूड आणि डाग यांच्यातला फरक पुसट होत होता.

चाचांना पाठवला तेव्हा त्यांची तक्रार होती की घोडी थोडी धूसर आहे, सूत दिसत नाही. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. पण आत्या जिथून बघते तिथून घोडी लांबच असते. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तोच निकाल. मात्र चाचांसाठी मी घोडीचा एक वेगळा, चार सुतं स्पष्ट दिसणारा फोटो काढून दिला. तो आता त्यांच्या दुकानात आहे.

आणि आत्याचा फीडबॅक? तिने फोटो बघून डोळे मिटले आणि म्हणाली, “जोड लागलीये.” म्हणजे दोन तारा एकमेकींशी मिळाल्यात. फोटोतून हे कळणं शक्य नाही, मला माहीत आहे. पण मी जे वाक्य डायरीत लिहिलं होतं त्याची टेस्ट इथे पास झाली.

तर, घरी न्यायचं काय?

पटापट सांगते.

कॅमेऱ्याआधी एक वाक्य लिहा, फोटो कोणासाठी आणि त्याने काय करायचंय ते. मतं भिडली की हेच वाक्य निवाडा देतं.

फीडबॅक तीन प्रकारच्या माणसांकडून घ्या : विषय न कळणारा, फोटो कळणारा आणि विषय कळणारा. वेगवेगळा घ्या, ग्रुपवर नको.

‘कसा वाटला’ विचारू नका. नजर कुठे गेली, कुठे थांबली, काय चाललंय, हे विचारा.

उत्तर आल्यावर लगेच बाजू मांडू नका. ‘अरे पण तिथे उजेड नव्हता’ हे बघणाऱ्याला फोटोत दिसत नाही. ऐका, लिहून घ्या, एक रात्र जाऊ द्या.

एका फेरीत एकच मोठा बदल करा. मी पहिल्या फेरीत उजेड बघितला, दुसरीत फ्रेम, तिसरीत जागा. सगळं एकदम बदललं तर कशामुळे फरक पडला ते समजत नाही. कोडमध्येही आपण हेच करतो, नाही का?

आणि दुसऱ्याच्या फोटोवर बोलायची वेळ आली, तर आधी काय दिसतंय ते सांगा, मग काय वाटतं ते, आणि सूचना अगदी शेवटी. ‘डाग काढ’ म्हणण्याआधी ‘इथे एक डाग दिसतोय, तो का आहे?’ असं विचारा. त्या एका ‘का’मध्ये बरंच काही दडलेलं असतं.

जाता जाता एक नाव देते, चार्ल्स ब्रूक्स. न्यूझीलंडचा हा फोटोग्राफर आधी ऑर्केस्ट्रामध्ये चेलो वाजवायचा. आता तो बारीक नळीसारखी लेन्स वाद्यांच्या आत घालून फोटो काढतो, शेकडो फ्रेम जोडून एक चित्र बनवतो. चेलोच्या पोटातला फोटो बघितला तर एखादं मोठं सभागृह वाटतं. तानपुऱ्याच्या तबलीला व्हायोलिनसारखी भोकं नसतात, त्यामुळे आपल्याला हा मार्ग बंद. पण ज्याने वाद्य वाजवलंय त्याला ते कुठून बघायचं हे वेगळं कळतं, हे त्याच्या फोटोंतून दिसतं.

तर या आठवड्याचा गृहपाठ. घरात, शेजारी, देवळात, शाळेत कुठलंही वाद्य शोधा. बाजाची पेटी, टाळ, पखवाज, कोपऱ्यात धूळ खात पडलेला माउथ ऑर्गन, काहीही चालेल. जो ते वाजवतो त्याला विचारा, ‘तुम्हाला हे कसं दिसतं?’ आणि त्याच्या जागेवर कॅमेरा ठेवा. मग तीन माणसं, तीन प्रश्न. पहिलं आणि शेवटचं व्हर्जन दोन्ही मला पाठवा. पुढच्या भागात त्यातले काही घेऊन आपण एकत्र रिव्ह्यू करू. आणि हो, माझ्याकडून एलजीटीएम मिळणार नाही!

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, बघत राहा. नमस्कार.